आकड्याची जिवाणी

आपल्या घरांत पाणी गाळतात याचं कौतुक बाहेरची माणसंही करतात. "तुमच्यात पाणी किती स्वच्छ ठेवतात हो!" असं शेजारीण म्हणते आणि आपणही मान डोलवतो. पण गाळण्याचा मूळ हेतू आपल्या पोटाची काळजी हा नव्हता. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, आपल्या तहानेपायी त्यांना इजा होऊ नये, यासाठी ते फडकं. म्हणून तर नियम गाळण्यापाशी संपत नाही. दुपदरी जाड कापडातून पाणी गाळायचं, मग ते कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं, आणि ते धुवण, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. तीही वरून भसकन ओतायची नाही. तळाला कडी असलेली बादली पाण्याच्या पातळीपर्यंत उतरवायची आणि तिथं हळूच कलती करायची. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत चालत नाही, कारण तिथले जीव तिथलेच.

आता नळ आले. फडकं नळाच्या तोंडाला बांधलेलं असतं आणि जिवाणी कुठं सोडायची हा प्रश्न कुणी विचारतच नाही. ती बेसिनमधून गटारात जाते. नियमाचा पहिला अर्धा भाग राहिला, दुसरा गेला. या गेलेल्या अर्ध्या भागाविषयी मला लिहायचं आहे. पण त्याआधी, कोणत्याच फडक्यात न अडकणाऱ्या गोष्टीविषयी लिहायला हवं.

महिला मंडळात पाण्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "गाळलं, वर खळखळून उकळलं, मग आणखी काय राहणार त्यात?" प्रश्न सरळ आहे आणि त्याचं उत्तरही सरळ आहे. उकळल्यानं जंतू मरतात. शिसं, पारा, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक यांना उकळण्यानं काही होत नाही. उलट वाफ होऊन पाणी कमी होतं आणि धातू तेवढाच राहतो, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. पाण्यात विरघळलेल्या या धातूंना ना रंग, ना वास, ना चव. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, गोड लागतं.

आर्सेनिक म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या तोंडचा सोमल. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एक लिटर पिण्याच्या पाण्यात त्याचे 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नयेत. ही मात्रा किती लहान, ते घरच्या हिशेबात पाहू. दहा हजार लिटरचे दहा टँकर ओळीनं उभे केले आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम आर्सेनिक विरघळवलं, की ही मर्यादा गाठली जाते. शिशाचीही मर्यादा एवढीच आहे, आणि पाऱ्याची आपल्याकडच्या मानकात याच्या दहावा भाग. इतकं बारीक काही ओळखायला ना जीभ पुरी पडते, ना डोळा, ना चार पिढ्यांचा अनुभव. तिथं मोजणारं साधनच लागतं.

साधन नसेल तर काय होतं, हे बंगालनं दाखवून दिलं आहे. ही हकिगत आपल्या बायकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे, कारण तिची सुरुवात चांगल्या हेतूनं झाली.

गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशातली खेडी पूर्वी तळ्याचं, पोखरीचं पाणी पीत. त्या पाण्यानं पटकी आणि हगवण होई, लहान मुलं जात. म्हणून 1970 च्या दशकापासून सरकारं आणि युनिसेफसारख्या संस्थांनी गावोगावी हातपंपांच्या कूपनलिका बसवायला मदत केली. मग लोकांनी स्वतःच्या पैशानं अंगणात पंप बसवले. हे पाणी जमिनीतलं, थंडगार, जंतूंशिवाय; बाईला लांब जावं लागत नाही, मूल दगावत नाही. बघता बघता बांगलादेशातली बहुतेक खेडी पंपाच्या पाण्यावर आली. पण हिमालयातून वाहून आलेल्या गाळातल्या लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेलं असतं. जमिनीखाली जिथं प्राणवायू पोचत नाही, तिथं ते सुटून पाण्यात उतरतं. कुणा कारखानदाराचं पाप नाही, कुणी विष कालवलं नाही. भूमीच्या पोटात होतं ते पंपानं वर आणलं.

ते कळलं कसं? 1983 साली कोलकात्यात डॉ. के. सी. साहा या त्वचारोगतज्ज्ञांकडं खेड्यांतून रोगी आले. अंगावर काळे-पांढरे ठिपके, तळहात आणि तळपाय जाड, खरखरीत झालेले. साहांनी ते लक्षण आर्सेनिकचं असल्याचं ओळखलं. पुढं जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती गावोगाव हिंडून पंपांचं पाणी तपासत राहिले. बांगलादेशात ते पहिल्यांदा 1993 साली सापडलं. पण अंगावर ठिपके यायलाच पाच-दहा वर्षं पाणी पोटात जावं लागतं, आणि ठिपक्यांच्या पुढं त्वचेचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कर्करोग उभा असतो. म्हणजे पाण्याची पहिली तपासणी झाली ती माणसाच्या कातडीवर. जिथं यंत्र नव्हतं तिथं शरीराचं यंत्र झालं.

हे बंगालपुरतं नाही. जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत गेला, तेव्हा 1956 साली माणसांचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. त्याच्या आधीपासून गावातली मांजरं वेड्यासारखी नाचून, गरगर फिरून मरत होती. मांजरांच्या शरीरानं ते मोजलं होतं. त्या मोजण्याकडं पाहिलं कुणी नाही. एक गोष्ट मनात पक्की धरावी: विष असेल तर ते मोजलं जातंच. प्रश्न एवढाच, की ते काचेच्या नळीत मोजायचं की लेकराच्या अंगात. मोजणारं यंत्र वापरणं हा शास्त्रज्ञांचा शौक किंवा सरकारी सोपस्कार समजू नये. ती अहिंसेचीच बाब आहे. मुनी चार हात जमीन पाहून मग पाऊल टाकतात. पाणी तोंडाला लावण्याआधी पाहण्याचं साधन आता हाताशी आलं आहे, तर ते पाहणं त्याच जातीचं.

मग न पाहणं हा दोष आहे का? हा प्रश्न चक्क न्यायालयात गेला होता. 1992 साली ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं बांगलादेशातल्या काही भागातल्या भूजलाची तपासणी केली. पाण्यात कितीतरी घटक तपासले, आर्सेनिक तपासलं नाही. पुढं तिथल्या एका रोगी गावकऱ्यानं इंग्लंडच्या न्यायालयात दावा लावला: तुम्ही तपासलं असतं तर मी ते पाणी प्यालो नसतो. 2006 साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. त्या संस्थेची या गावकऱ्याबाबत तशी कायदेशीर जबाबदारी नव्हती, गावचा पाणीपुरवठा तिच्या हातात नव्हता, आणि अहवालात आर्सेनिकचा उल्लेख नाही याचा अर्थ पाणी निर्धोक असल्याची हमी दिली असा होत नाही, असं ते म्हणणं.

कायद्याच्या बाजूनं हे पटण्यासारखं आहे. एका माणसाला जगातल्या साऱ्या न केलेल्या गोष्टींसाठी जबाबदार धरता येणार नाही. शिवाय तशा भूमीत आर्सेनिक असेल असं तेव्हा फारसं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण आपल्या शास्त्राचा प्रश्न वेगळ्या बाजूनं सुरू होतो. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना नुसत्या जीव जाण्याला हिंसा म्हटलं नाही; त्याच्या मुळाशी प्रमाद ठेवला. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, आळस, जाणूनबुजून केलेली हयगय. जपून चालणाऱ्याच्या पायाखाली नकळत जीव आला तर त्याला तो दोष लागत नाही, आणि बेफिकीर चालणाऱ्याच्या पायाखाली काही मेलं नाही तरी त्याला लागतो. कायदा विचारतो, "त्याचं तू काही देणं लागत होतास का?" शास्त्र विचारतं, "तू जपून वागलास का?"

या मापानं पाहिलं तर 1970 साली पंप बसवणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याच्या हाती साधनही नव्हतं. 1992 चं तपासणाऱ्याला किती द्यायचा, यावर भल्या माणसांत मतभेद होतील. पण आज? आज आपल्याला ठाऊक आहे की असं असू शकतं, आणि ते पाहण्याची सोयही आहे. अशा वेळी न पाहणं हे अज्ञान राहत नाही. ज्ञानाबरोबर यत्नाचाराची हद्द वाढत जाते. आजीनं जे केलं नाही ते नातीनंही केलं नाही, तर दोघींचं माप एक होत नाही.

ही साधनं आहेत तरी कशी? थोडक्यात सांगते, कारण आपल्या हातात येणाऱ्या वस्तूची ओळख असावी. सगळ्यांत साधं, गावात नेता येण्याजोगं आर्सेनिकचं किट. बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात जस्ताची पूड आणि आम्ल घालायचं. आर्सेनिक असेल तर त्याचा वायू होऊन वर येतो आणि बुचाशी लावलेल्या कागदाच्या पट्टीवर डाग पडतो, पिवळसर ते तपकिरी. डागाचा रंग तक्त्याशी ताडून अंदाज करायचा.

दुसरा प्रकार विजेवर चालणाऱ्या सेन्सरचा. शिसं, कॅडमियम यांसाठी तो चांगला चालतो. पाण्यात एक छोटी पट्टी बुडवतात आणि तिला असा विद्युतदाब देतात की पाण्यातले धातू तिच्यावर येऊन बसतात. मग दाब हळूहळू बदलत नेतात. प्रत्येक धातू ठरावीक दाबालाच पट्टी सोडून परत पाण्यात जातो, आणि जाताना थोडी वीज वाहते. शाळेत हजेरी घेतल्यासारखंच: नाव पुकारलं की ज्याचं त्यानं "हजर" म्हणायचं. कोणत्या दाबाला वीज वाहिली यावरून धातू कोणता ते कळतं, किती वाहिली यावरून किती ते कळतं. तिसऱ्या प्रकारात सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरतात. ते सुटे असतात तेव्हा द्रव लाल दिसतो, धातूमुळं एकमेकांना चिकटले की निळसर होतो.

आणखी एक प्रकार आहे, तो आपल्याला थबकायला लावणारा. काही जिवाणूंना आर्सेनिकची चाहूल लागते. त्यांच्या अंगात ते बाहेर टाकण्याची यंत्रणाच असते. शास्त्रज्ञांनी त्या यंत्रणेला प्रकाश देणारा गुण जोडला. पाण्यात आर्सेनिक असेल तर जिवाणू चमकतात. पोलंडमध्ये वॉर्सा शहराच्या पाणीपुरवठ्यात जिवंत शिंपले बसवलेले आहेत. पाणी बिघडलं की ते शिंपा मिटतात आणि इशारा जातो. आपल्या मनात लगेच येतं, जिवाच्या जिवावर आपली राखण करायची, हे कसं? ही शंका हसण्यावारी नेऊ नये. पण तिथली एक गोष्ट मला फार भावली. त्या शिंपल्यांची पाळी काही महिन्यांची असते, आणि ती संपली की त्यांना परत पाण्यात नेऊन सोडतात. जिवाणी हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसेल, तरी ज्याचं त्याच्या घरी पोचवायचं हे त्यांना कळलं.

आता त्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडं येते.

आर्सेनिक सापडल्यावर बांगलादेशानं मोठं काम हाती घेतलं. 2000 ते 2003 या काळात सुमारे 50 लाख पंप किट वापरून तपासले. पाणी बरं निघालं तर पंपाचं तोंड हिरवं रंगवायचं, वाईट निघालं तर लाल. सुमारे 14 लाख पंप लाल झाले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही समजेल अशी खूण. याहून सोपं काय असणार?

पण हिरव्या रंगाच्या पोटात एक गोष्ट दडली होती. बांगलादेशाची मर्यादा लिटरला 50 मायक्रोग्रॅम होती, जागतिक आरोग्य संघटनेची 10. म्हणजे 30 निघालेला पंप तिथं हिरवा, आणि दुसऱ्या मापानं लाल. खोटं कुणीच बोलत नव्हतं. आपल्याकडं ज्याला स्यात् म्हणतात ते इथं नेमकं लागू पडतं. हिरवा आहे, पण एका अपेक्षेनं. या मर्यादेनं, या दिवशी, या किटनं, या डोळ्यांनी. आकडा सांगितला असता तर अपेक्षा उघडी राहिली असती. नुसता रंग दिला, तेव्हा अपेक्षा झाकली गेली आणि "चांगलं" एवढंच उरलं. म्हणून मला वाटतं, मोजणाऱ्यानं पिणाऱ्याला निकाल सांगावाच, आणि निकालाबरोबर आकडा आणि माप दोन्ही सांगावीत. बायकांना आकडे कळत नाहीत, हे कुणी सांगितलं? भिशीचा हिशेब तोंडी ठेवणाऱ्या आपण.

दुसरी गोष्ट लाल पंपांची. लाल रंग देऊन पथक पुढच्या गावाला गेलं. मग त्या घरातल्या बाईनं काय करायचं? त्या प्रदेशात काही मीटरच्या अंतरावर पाणी बदलतं. एका अंगणात विष आणि पलीकडच्या अंगणात निर्धोक, असं घडतं. म्हणजे पुष्कळ ठिकाणी उपाय जवळच होता, पण तो दुसऱ्याच्या अंगणात होता. ढाक्याजवळच्या आराईहाजार भागात संशोधकांनी पाहिलं, तर पंप वाईट आहे असं कळल्यावर निम्म्याहून अधिक कुटुंबांनी दुसऱ्या पंपाचं पाणी आणायला सुरुवात केली. हे मला फार आशेचं वाटतं. यंत्रानं फक्त सांगितलं. पाणी दिलं ते शेजारणीनं. पण दुसऱ्याच्या अंगणात रोज कळशी घेऊन जाणं म्हणजे काय, हे बाईला सांगायला नको. भांडण झालं की वाट बंद. सून नवी असली की तोंड चुकवणं. आणि ज्यांच्या अंगावर डाग उमटले होते त्यांना लोक महारोगी समजून दूर ठेवत. मुलींची लग्नं अडली, काही बायकांना नवऱ्यांनी माहेरी धाडलं. विष सगळ्यांनी प्यालं, त्याचा डाग मात्र बाईला जास्त महाग पडला.

पुढं रंग उडाले. नवे पंप बसले ते तपासल्याविना. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं 2016 सालच्या अहवालात लिहिलं, की निर्धोक पाण्यासाठी सरकारनं खणलेल्या खोल कूपनलिकाही पुष्कळदा गरजेच्या जागी जाण्याऐवजी राजकारण्यांच्या मर्जीतल्या माणसांकडं गेल्या.

इथं मला जिवाणी आठवते. फडक्यानं जे अडवलं ते त्याच्या मूळ जागी, सांभाळून, खाली उतरवून पोचवलं तरच गाळणं पुरं होतं. मोजण्याचंही तसंच आहे. पाण्यातून काढलेला आकडा ज्या विहिरीचा, त्या विहिरीवरच्या माणसांपर्यंत परत गेला पाहिजे. वरून ओतलेला नको, त्यांच्या पातळीपर्यंत उतरवलेला हवा. त्यांना समजेल असा, आणि "आता काय करायचं" हे बरोबर घेऊन गेलेला. प्रयोगशाळेच्या कपाटात राहिलेला आकडा म्हणजे गटारात गेलेली जिवाणी. लाल रंग फासून निघून जाणं म्हणजे काठावरून भसकन ओतलेली.

या विचाराला एक हरकत घेतली जाते, आणि ती खोटी नाही. "उपाय नसेल तर सांगून काय उपयोग? नुसती भीती घालायची?" गरीब बाईला दुसरं पाणीच नाही, तिला तिच्या पाण्याचा आकडा सांगणं ही क्रूरताच नव्हे का? मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, न सांगण्यानं तिचं दुःख कमी होत नाही. ते फक्त आपल्या डोळ्यांआड जातं. सांगितल्यावर ती निदान धाकट्यासाठी तरी एक कळशी लांबून आणायची की नाही हे ठरवू शकते, पंचायतीत उभी राहू शकते, शेजारणीला विचारू शकते. ठरवण्याचा तिचा हक्क आपण दयेच्या नावाखाली काढून घेऊ नये. पण हरकतीतला अर्धा भाग मान्य करायला हवा: सांगून हात झटकणं हीदेखील हिंसाच. ज्याला आकडा ठाऊक झाला, त्याच्यावर पुढच्या एका पावलाचं तरी देणं राहतं.

हे सगळं दूरच्या देशाचं वाटत असेल, तर आपल्या अंगणात येऊ. आपल्या बेळगाव-निपाणीकडं बंगालसारखा गाळ नाही, म्हणून बंगालची भीती इथं आणायचं कारण नाही. पण धातू जमिनीतूनच येतात असं नाही. जुन्या बॅटऱ्या फोडल्या की शिसं सांडतं. क्रोमचा मुलामा देण्याच्या कामात क्रोमियम सांडपाण्यात जातं. रंगात शिसं असू शकतं. आपल्या समाजात असे धंदे करणारी कुटुंबं आहेत, कष्टानं उभी राहिलेली. पहाटे गाळलेलं पाणी पिऊन, दर्शन करून कारखाना उघडायचा आणि मागच्या दारानं जाणारं पाणी कधी मोजायचं नाही, यात व्रताचा कोणता भाग पाळला गेला? पाण्याच्या एका थेंबातल्या जिवांची गणती ज्या समाजानं विचारात घेतली, त्याला मागच्या नाल्यातल्या पाण्याचा एक नमुना तपासून घेणं जड जाऊ नये. हे पुरुषांनी करायचं काम आहे असं म्हणून आपण सुटत नाही. घरात येणारा पैसा गाळून घ्यायचा हक्क घरच्या बाईला आहे.

आणि घरातलं आर.ओ. यंत्र? तेही पाहावं. ते धातू पुष्कळसे अडवतं, खरं आहे. पण अडवलेलं सगळं दुसऱ्या नळीनं, अधिक दाट होऊन, बाहेर जातं. जिवाणीची ही अगदी उलटी रीत झाली. तिथं अडवलेला जीव त्याच्या घरी परत जात होता. इथं अडवलेला दोष दुसऱ्याच्या दारात जातो. किटच्या पट्टीचंही तेच. डाग पडावा म्हणून तिच्यावर पाऱ्याचं संयुग लावलेलं असतं. वापरून झाली की ती कचऱ्यात भिरकावण्याची वस्तू राहत नाही. यंत्र वापरू नका असं मी म्हणत नाही. लेकराला बरं पाणी द्यायलाच हवं. पण माझ्या घरापुरतं पाणी शुद्ध झालं की पाण्याचा धर्म संपला, असं समजू नये, इतकंच.

2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याचं किट वापरायला शिकवायचं ठरलं आहे. पाणी भरणाऱ्या हातांनीच ते मोजावं, हे मला मनापासून पटतं. त्या किटमध्ये प्रत्येक धातूची तपासणी नसते. संशय आला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. पण सुरुवात हातात आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, हे आपल्याला माहीत आहे का? त्यांना आकडा वाईट मिळाला तर तो त्या मोठ्यानं सांगू शकतील का? खरी अडचण इथं आहे. "गावाचं नाव खराब होईल", "जागेचा भाव उतरेल", "मुलींच्या सोयरिकीत विचारतील". यंत्र कितीही बारीक मोजो, या तीन वाक्यांपुढं त्याचं काही चालत नाही. आकडा लपवण्याची लाज वाटावी, तो सांगण्याची वाटू नये, एवढी हवा गावात तयार करणं हे कोणतंच सेन्सर करणार नाही. ते आपल्यालाच करावं लागेल.

मंदिरातल्या फळ्यावर आपण तिथी लिहितो, अष्टमी-चतुर्दशी लिहितो, कुणाकडून आहारदान ते लिहितो. त्याच फळ्याच्या एका कोपऱ्यात वर्षातून दोनदा आवारातल्या बोअरचं पाणी लिहावं, असं मला सुचवायचं आहे. नमुना कोणत्या दिवशी घेतला, कोणत्या नळाचा, काय तपासलं, आकडा किती आला, आणि मर्यादा किती. आकडा चांगला आला तरी लिहावा, वाईट आला तर आधी लिहावा. आणि शेवटी एक रकाना मोकळा ठेवावा: पुढं काय केलं. तो भरला गेला, तर गाळणं पुरं झालं म्हणायचं.